युद्धावर बोली, मरण कुणाचे?

पौडच्या बाजारात मटक्याचा आकडा लावणारा मजूर १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हेगार ठरतो. पॉलीमार्केटसारख्या परदेशी संकेतस्थळांवर मात्र कोणता देश कोणावर हल्ला करील, यावर राजरोस बोली लागते. मे २०२५ मधील भारत-पाक संघर्षात पूंछमध्ये तोफांच्या माऱ्यात लेकरे मेली. सट्टेबाजाला त्याचे काय? युद्धावर पैसा लावला, की युद्ध व्हावे असेच त्याला वाटू लागते!

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांशी लढायला निघाले, तेव्हा सिद्धार्थ संघाच्या बहुमताविरुद्ध उभा राहिला, हे बाबासाहेबांनी आम्हाला सांगितले. सीमेवर मरतात ती कष्टकऱ्यांची पोरे. त्यांच्या मरणावरचा पैसा, तो मुळशीतून लागो की अमेरिकेतून, आम्हाला निषिद्धच!