वाकवलेला पाना

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहतो. गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या गाडीचा स्टार्टर गेला. नवा मागवला आणि घरीच बदलायला घेतला. दोन बोल्ट पंधरा मिनिटांत सुटले. तिसरा इंजिनच्या मागच्या अंगाला, मॅनिफोल्डच्या खाली. बोट पोचत होतं, पाना पोचत नव्हता. गॅरेजमध्ये विचारलं तर नुसती मजुरी साडेचारशे डॉलर! का, तर त्या एका बोल्टासाठी वरचं सगळं उतरवावं लागणार.

रात्री कोल्हापूरला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांची सगळी हयात शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेली. फोटो बघून म्हणाले, "बॅटरीची निगेटिव्ह काढलीयास न्हवं? मग एक तार घे. हँगरची चालंल. बोल्टापतोर वाकवत ने आणि तसाच आकार भाईर काढ. पाना मागनं बघू."

सगळी मेख त्या तारेत होती. बाहेर आलेल्या तारेला दोन बाक होते, एक मला अजिबात न सुचलेल्या दिशेला. जुन्या बाजारातून दोन डॉलरला 14 नंबरचा रिंग पाना आणला (आपल्या चांगल्या सेटमधला मोडायचा नाही!) आणि जवळच्या मेन्स शेडमध्ये गेलो. निवृत्त मंडळींनी एकत्र येऊन चालवायची ही वर्कशॉपं ऑस्ट्रेलियातच 1990 च्या दशकात सुरू झाली. तिथल्या आजोबांनी पाना व्हाइसमध्ये धरला, अण्णा त्याला शेगडा म्हणतात. गॅसवर लाल केला, तारेबरहुकूम वाकवला, उरलेला दांडा कापला. लाल केलं की पोलादाचं पाणी उतरतं, त्यामुळे असा पाना फार जोर सोसत नाही. म्हणून बोल्टावर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी सुटला. परत बसवताना बोल्ट खाली पडू नये म्हणून पान्याच्या डोक्यात ग्रीस भरलं, हेही अण्णांचंच.

मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर उत्तर आलं, "टिपिकल इंडियन जुगाड!" मला हा शब्द इथे खटकतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. हा पाना माप घेऊन, एका कामासाठी बनवलेला आहे. आणि यात 'इंडियन' काय? 2001 साली इथल्या एबीसी वाहिनीवर 'बुश मेकॅनिक्स' ही मालिका आली होती. त्यात युएन्डुमूचे वॉर्लपिरी तरुण पंक्चर टायरमध्ये स्पिनिफेक्स गवत ठासून गाडी पुढे नेतात. इथले लोक ते कौतुकाने सांगतात. आपल्याला मात्र लाज.

अण्णांनी मला लेथजवळ फिरकू दिलं नाही. हात काळे करायचे नाहीत, शिकायचं. मी शिकलो, मेकॅनिकल इंजिनिअर झालो, आणि तारेने माप घ्यायचं असतं हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी फोनवर कळलं. अण्णा आता ऐंशीचे आहेत. अजून काय काय विचारायचं राहिलंय, याची मला धास्ती वाटते.

कायद्याची मदत होते म्हणाल, तर 1 जुलै 2022 पासून इथे गाडी कंपन्यांना दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांनाही, वाजवी दरात, द्यावी लागते. चांगलंच आहे. पण ती सोय व्यावसायिकांसाठी. स्वतःच्या दारात गाडीखाली आडव्या पडलेल्या माणसाला तारच.

एक मात्र खरं, सगळंच घरी बनवायचं नसतं. जॅक, गाडी पेलणारे स्टँड, सस्पेन्शनची स्प्रिंग दाबायचं अवजार, ही नीट विकतच घ्यावीत. तिथे अण्णाही म्हणतात, "पैसं वाचवू नगंस."

पाना गॅरेजात खिळ्याला टांगलाय. तार मुलीने मागून घेतली, तिला सायकलच्या कुठल्याशा नटाचं माप काढायचंय. वेरिबीत कुणाच्या स्टार्टरचा तिसरा बोल्ट अडला असेल तर पाना घेऊन जा. फक्त परत आणून द्या.