ओल्या कागदाला काय कळतं?

निसर्गचित्रात भाव हेच सर्वस्व, तंत्र म्हणजे निव्वळ कारकुनी, असं एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नुकतंच ठासून मांडलं. डोंगरासमोर बसावं, मन भरून यावं, हात मोकळा सोडावा. यथादर्शन आणि जलरंगाचे वॉश शिकलात की भाव मेलाच! असलं बोलणं ऐकलं की संताप येतो, कारण नवी पोरं त्यावर विश्वास ठेवतात.

सोयगावहून हळदा घाटाकडे निघालं की वेताळवाडीचा किल्ला दिसतो. पावसाळ्यात ढग तटाला टेकतात आणि बुरूज अर्धे पुसले जातात. ती उदासी जलरंगात आणायची कशी? कागदावर पाणी चकाकत असताना रंग सोडलात, तर तट वाहून जातो. चकाकी नुकती मावळलेली असताना सोडलात, तर तोच रंग मऊ कडेने थबकतो. उशीर केलात आणि पाणीदार कुंचला पुन्हा फिरवलात, तर दातेरी डाग उमटतात. मे महिन्यात तर ही मधली वेळ कुंचला उचलेपर्यंत निघून जाते. मन कितीही गदगदलेलं असो, कागद तुमच्यासाठी थांबत नाही. मागचा डोंगर तटापेक्षा फिका ठेवला नाही, तर अंतर संपतं. मग किल्ल्याचा एकाकीपणा यायचा कुठून?

फर्दापूर सोयगाव तालुक्यातलंच, आणि अजिंठ्याची लेणी तिथून हाकेवर. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाची करुणाही भुसा-तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर उभी आहे. तिथल्या निळ्या रंगाचा दगड अफगाणिस्तानातून यायचा. ही सगळी तयारी कारकुनी म्हणायची?

तंत्र घोटणाऱ्यांची चित्रं निर्जीव होतात म्हणे. होतात, अर्धवट शिकलेल्यांची.

पारदर्शक जलरंगच खरे, पांढरा मिसळला की चित्र बाटलं, हा जुना वादही असाच पोकळ होता. त्या वादवाल्यांनी तंत्राचं सोवळं पाळलं, हे भाववाले भावाचं पाळतात.

भाव आधी, तंत्र मागून अशी रांग नसतेच. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि कोल्हापूरचं कोटितीर्थ तळं वेगवेगळ्या प्रहरी पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. प्रहरांतला फरक त्यांच्या हाताला कळला होता. आपल्याकडच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या पोरांना घाटात न्या, आधी कागद भिजवायला शिकवा आणि तोच बुरूज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा रंगवू द्या.