भरती तुमची रजा विचारत नाही

चार दिवसांत ९९ मैल. मंडळी, हा प्लॅन नाही, हा नवस आहे.

थंडी सुरू झाली की अमेरिकेतल्या आपल्या देसी टीम्समध्ये फ्लोरिडाची स्वप्नं पडायला लागतात, आणि त्यात कोणीतरी हमखास 'एव्हरग्लेड्स कयाकिंग' काढतो. कल्पना झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण आहे ते त्यानंतर मेलमधून फिरणाऱ्या एक्सेल शीटशी. त्यात दिवस असतो, मैल असतात, मुक्काम असतो, मॅगी कोण आणणार आणि स्पीकर कोण आणणार हे असतं. फक्त दोन कॉलम कधीच नसतात: पिण्याचं पाणी किती, आणि त्या दिवशी भरती किती वाजता. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ही सगळी ट्रिप तरते किंवा बुडते, नेमक्या त्याच गायब!

आधी थोडी ओळख, ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नॅशनल पार्क आहे, १९४७ साली सुरू झालेलं. त्याच्या पश्चिम कडेला मेक्सिकोच्या आखाताला लागून खारफुटीचं प्रचंड जंगल आहे. वरच्या बाजूला एव्हरग्लेड्स सिटी नावाचं चिमुकलं गाव (नावातल्या 'सिटी'ला हसू नका), खाली फ्लमिंगो. या दोघांमधून खाड्या, नद्या आणि उथळ उपसागरांतून जाणारा जो जलमार्ग आहे, तो 'वाइल्डरनेस वॉटरवे'. लांबी ९९ मैल. मोटरबोटीने एका दिवसात होतो. वल्हं मारत जायचं तर साधारण आठ दिवस धरतात.

आता आपला शीटवाला मित्र काय करतो? थँक्सगिव्हिंगचे चार दिवस घेतो, ९९ ला ४ ने भागतो आणि दिवसाला २५ मैल लिहून मोकळा होतो. सामान भरलेली कयाक ताशी अडीच-तीन मैलांनी चालते. म्हणजे न थांबता आठ ते दहा तास वल्हवणं, सलग चार दिवस. डिसेंबरमध्ये तिथे दिवसाचा उजेड साडेदहा तासांच्या आसपास असतो. जेवण, लघवी, पाठदुखी आणि वाट चुकणं हे सगळं उरलेल्या अर्ध्या तासात बसवायचं. ऑफिसात असं एस्टिमेट कोणी दिलं असतं, तर याच मित्राने त्याला मीटिंगमध्ये सोलून काढलं असतं.

बरं, हेही गणित वारा शून्य आणि प्रवाह शून्य धरून केलेलं. समजा तुमचा वेग तीन मैल आहे आणि समोरून ताशी दीड मैलाने ओहोटी येते आहे. बारा मैलांचा रस्ता कागदावर चार तासांचा, प्रत्यक्षात आठ तासांचा. तोच रस्ता भरती पाठीशी घेऊन केलात तर पावणेतीन तासांत पार. माणूस तोच, होडी तीच, नदी तीच. फरक फक्त निघालात किती वाजता याचा. म्हणून तिथे गजर सकाळी सहाचा लावायचा की दहाचा, हे तुम्ही ठरवत नाही, भरती-ओहोटीचा तक्ता ठरवतो.

आणि हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आपल्याकडे मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणने गुणून पूर्ण भरतीची अंदाजे वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता. कुलाबा किल्ल्यात चालत जाऊन आलेल्यांनी हा हिशोब ऐकलेला असतो. उधाण आणि भांग हे शब्द आपल्या कोळीवाड्यांत रोजच्या वापरातले आहेत. तिथी फ्लोरिडात कामाला येणार नाही, तिथला तक्ताच घ्यावा लागेल. पण पाणी आपल्या वेळेने नाही, त्याच्या वेळेने चालतं ही अक्कल किनाऱ्यावरच्या माणसाला उपजत असते. ती पुण्याहून विमानात बसताना कुठे गळून पडते देव जाणे.

'पण तिथे भरती असते तरी कितीशी? मुंबईसारखी थोडीच?' असा प्रश्न हमखास येतो. बरोबर, मुंबईसारखी नाही. तिथे साधारण मीटरभर पाणी चढतं-उतरतं. पण जिथे उपसागरच जागोजागी मीटरभर खोल आहे, तिथे मीटरभर म्हणजे सगळंच पाणी! ओहोटीला चोकोलोस्कीच्या उपसागरात चिखलाचे पट्टे आणि कालवांची धारदार बेटं उघडी पडतात. त्या चिखलात उतरून होडी ओढू म्हणाल तर पाय गुडघ्यापर्यंत आत. मग काय, पाणी परत येईपर्यंत डास मोजत बसायचं.

त्यात आणखी दोन मेख आहेत. एक म्हणजे तक्ता असतो किनाऱ्यावरच्या नदीमुखाचा. आतल्या खाड्यांत तीच भरती काही तास उशिरा पोचते. दुसरी म्हणजे वारा. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट आली, की एक-दोन दिवस जोरात वारं सुटतं आणि ईशान्येचं वारं तर उपसागरातलं पाणी अक्षरशः बाहेर ढकलतं. मग तक्त्यात पाणी असतं, जागेवर नसतं. ब्रॉड रिव्हर आणि हार्नी रिव्हरच्या मधल्या चिंचोळ्या वाटेला तर नावच 'द नाइटमेअर' आहे. ती फक्त भरतीलाच पार होते. चुकीच्या वेळी पोचलात तर एकतर थांबा, नाहीतर नदीतून बाहेर पडून आखाताच्या उघड्या पाण्यातून वळसा घाला. शीटमध्ये त्या दिवसासमोर नुसतं '२५ मैल' लिहिलेलं असतं.

'जीपीएस आहे ना!' हा पुढचा डायलॉग. जीपीएस तुम्ही कुठे आहात ते सांगतो. तुमच्या खाली पाणी किती आहे हे सांगत नाही. त्या भागाला 'टेन थाउजंड आयलंड्स' म्हणतात. दहा हजार नसतील, पण सगळी बेटं एकसारखी दिसतात हे खरं. फोनला रेंज नाही, बॅटरी खाऱ्या पाण्याची दुश्मन. अमेरिकेच्या सरकारी नोआने पारंपरिक कागदी चार्ट बंद केलेत, पण हव्या त्या भागाचा चार्ट बनवून छापून घ्यायची सोय ठेवली आहे. छापा, वॉटरप्रूफ पिशवीत घाला, सोबत साधं होकायंत्र ठेवा. सर्व्हरला बॅकअप लागतो हे आपल्याला कळतं, मग स्वतःला नको?

आता पिण्याचं पाणी. इथे तर मला खरोखर राग येतो. चारी बाजूंना पाणी आणि त्यातलं एक घोटही पिण्याजोगं नाही. फिल्टर नेलात तरी उपयोग शून्य, कारण फिल्टर जंतू काढतो, मीठ नाही. तिथे नियमच आहे: माणशी दिवसाला एक गॅलन. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, वजन जवळपास पावणेचार किलो. आठ दिवसांचं तीस किलो, आणि अडकलात तर म्हणून दोन दिवसांचं जास्तीचं धरलं तर अडतीस. माणशी! तंबू, कपडे, खाणं वेगळं. एवढं वजन भरलेली होडी कशी वळते, कशी डुलते, हे ज्याने घराजवळच्या तळ्यात एकदाही करून पाहिलेलं नाही, त्याने आखाताच्या लाटांत जाऊन शिकू नये.

शिवाय पाणी नेलं म्हणजे संपलं असंही नाही. तिथल्या बेटांवर रॅकून आहेत, आणि त्यांनाही गोडं पाणी मिळत नाही. पातळ प्लॅस्टिकच्या बाटल्या ते रात्रीत फाडतात. म्हणून जाड, टणक कॅनच लागतात. मगरीची भीती सगळ्यांना वाटते (ॲलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही जिथे एकत्र राहतात असा जगातला हा एकमेव भाग, त्यामुळे फोटो तर काढायचेच आहेत). पण ट्रिप संपवायला मगर लागत नाही, फाटलेली बाटली पुरते.

मुक्कामाचं थोडक्यात सांगतो. तीन प्रकार: आखाताकडच्या बेटांवरची वाळू, आत नदीकाठची थोडीशी उंच जमीन, आणि जिथे जमीनच नाही तिथे 'चिकी'. (लोणावळ्याची नव्हे!) चिकी म्हणजे पाण्यात खांबांवर उभारलेलं, छप्पर असलेलं लाकडी फळ्यांचं व्यासपीठ. सेमिनोल लोकांच्या घराच्या नावावरून आलेला शब्द. तिथे खुंटी ठोकता येत नाही, तेव्हा आपणहून उभा राहणारा तंबू लागतो. प्रत्येक रात्रीच्या जागेचं परमिट आधी घ्यावं लागतं. आता गंमत बघा. परमिटमध्ये जागा ठरलेल्या, परतीचं विमान ठरलेलं, सोमवारचा स्टँड-अप ठरलेला. एवढं सगळं ठरलेलं असताना वारं सुटलं तर माणूस काय करतो? थांबायच्या ऐवजी निघतो. माझ्या मते तिथला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. वारा नव्हे, सोमवार.

'तू सगळी मजाच घालवतोस रे,' असं मला म्हणतात. 'आठवडाभर प्लॅनिंगच करतो, सुट्टीत तरी मोकळं सोड.' या म्हणण्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. मिनिटामिनिटाचं टाइमटेबल घेऊन जंगलात जाणारी माणसं मलाही डोक्यात जातात. पण मी जे मागतोय ते याच्या उलट आहे. मैल कमी करा, एक दिवस पूर्ण रिकामा ठेवा, पाणी जास्त घ्या. मग वाऱ्याने एखाद्या बेटावर दिवसभर अडकवलं तरी तुम्ही शिंपले गोळा कराल, पत्ते खेळाल, पेलिकन बघाल. तोच दिवस शीटमध्ये बसत नसेल तर तुम्ही उरलेलं पाणी मोजत एकमेकांवर खेकसाल. मोकळेपणा हवा असेल तर त्याला जागा आधी ठेवावी लागते.

नुसती टीका करून पळणार नाही, पर्याय देतो. चार दिवस आहेत ना? मग ९९ मैलांचा हट्ट सोडा आणि गोल फेरी करा. चोकोलोस्कीहून ओहोटीबरोबर बाहेर पडून रॅबिट की. दुसऱ्या दिवशी पॅव्हिलियन की. तिसऱ्या दिवशी भरती पाठीशी घेऊन चॅटहॅम नदीतून वर, वॉटसन्स प्लेस. (हा वॉटसन म्हणजे १९१० साली चोकोलोस्कीत शेजाऱ्यांनीच गोळ्या घालून मारलेला एडगर वॉटसन. शेकोटीशिवायही भुताच्या गोष्टी रंगतील.) मग आतल्या वाटेने लोपेझ नदीवरून परत. चार दिवसांत होते, पण रजा पाच दिवसांची टाका. वादळांनंतर जागा बंद-चालू होत असतात, तेव्हा निघण्याआधी पार्ककडे खात्री करा. जिथून निघालो तिथेच परत, त्यामुळे फ्लमिंगोला गाडी सोडण्याची कटकट नाही, आणि हवा बिघडली तर फेरी आखूडही करता येते. घरी जाऊन 'पूर्ण वॉटरवे केला' असं सांगता येणार नाही, हे मान्य. पण एक विचारतो: तो आकडा नक्की कोणासाठी हवाय?

शेवटचा मुद्दा, आणि याच्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. परमिट काढलं म्हणजे कोणी तुमची वाट बघतंय असं नाही. तुम्ही परत आलात का, याची हजेरी तिथे कोणी घेत नाही. शोध सुरू होतो तो कोणीतरी फोन केल्यावर. तो 'कोणीतरी' कोण आहे? आपली आई-बाबा मंडळी साताऱ्यात नाहीतर डोंबिवलीत. त्यांना एवढंच माहीत असतं की मुलगा 'बोटिंगला' गेलाय. साडेदहा तासांच्या फरकाने, कोणत्या ऑफिसला, कोणत्या भाषेत आणि काय सांगून त्यांनी फोन करायचा? तेव्हा अमेरिकेतच राहणाऱ्या एका शहाण्या माणसाकडे कागद ठेवून जा: कोण कोण आहे, होड्यांचे रंग, रोजचा मुक्काम, परतायची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुठे कळवायचं. सोबत सॅटेलाइट मेसेंजर असेल तर उत्तमच. आणि लाइफ जॅकेट अंगात, होडीत नव्हे.

असो. थँक्सगिव्हिंगचं तिकीट काढण्याआधी ग्रुपमध्ये तीनच प्रश्न विचारा: माणशी किती गॅलन? तिसऱ्या दिवशी नदीच्या तोंडाशी भरती किती वाजता? आणि आपण मंगळवारपर्यंत आलो नाही तर फोन कोण करणार? तिन्हींची उत्तरं आली तर बिनधास्त जा. 'अरे, होईल मॅनेज' असं उत्तर आलं, तर मायामीच्या बीचवर भेळ करून खा. तीही वाईट लागत नाही.