सातपुड्यातील जीप आणि पांढरी पाटी

धडगाव, तोरणमाळच्या घाटरस्त्यांवर ‘फोर व्हील ड्राइव्ह’ जीपला हौसेची वस्तू म्हणणे धाडसाचे ठरेल. तिची खरेदी कागदोपत्री सोपी झाली आहे. नमुना २१ मधील विक्री प्रमाणपत्र, नमुना २२, विमा व पत्त्याचा पुरावा विक्रेताच परिवहन कार्यालयाकडे सादर करतो. किमान तात्पुरत्या नोंदणीशिवाय गाडी ताब्यात देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियम ४२ अन्वये त्याला मनाई आहे. ‘एमएच ३९’ची पांढरी पाटी त्यामुळे विनासायास मिळते.

प्रश्न त्यानंतरचा आहे. कर्जाचे हप्ते फेडण्यासाठी हीच खासगी जीप बाजाराच्या दिवशी भाड्याने धावू लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार त्यासाठी परवाना हवा. शिवाय व्यावसायिक नोंदणी, म्हणजे पिवळी पाटी, व मुदतीचे योग्यता प्रमाणपत्र. हे पर्याय खरेदीच्या वेळीच विचारात घ्यायचे असतात. हप्त्यांच्या हिशेबात ते मागे पडतात. २०१९ च्या दुरुस्तीने परवाना नसल्याचा दंड १० हजार रुपयांवर नेला. त्याहून गंभीर बाब विम्याची. खासगी पॉलिसीत भाड्याची वाहतूक वगळलेली असते. गाडी दरीत कोसळली, तर विमा कंपनी याच अटीवर बोट ठेवते आणि जखमींच्या भरपाईचा भार हप्ते फेडणाऱ्या मालकावर येऊ शकतो.