विश्लेषण : बोटीच्या इंजिनातला ‘पेट्रोल कॉक’ का बदलावा लागतो?

राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, आउटबोर्ड इंजिने पडवीत जातात. ऑगस्टमध्ये दोरी ओढूनही इंजिन सुरू झाले नाही की पहिला संशय प्लगवर, दुसरा कार्ब्युरेटरवर. टाकीतून येणारे पेट्रोल बंद-चालू करणारा छोटासा कॉक मात्र सहसा कोणी पाहत नाही.

इथेनॉलचा संबंध काय?

देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले ‘ई२०’ पेट्रोल मिळते. हे लक्ष्य मुळात २०३०चे होते, ते २०२५मध्येच गाठले गेले. अनेक आउटबोर्ड इंजिनांच्या माहितीपुस्तिकेत मात्र इथेनॉलची मर्यादा १० टक्केच आहे. अमेरिकेत १५ टक्के इथेनॉलचे पेट्रोलही बोटीत वापरायला मनाई आहे.

दुचाकीची टाकी आठवड्याभरात रिकामी होते, बोटीचे पेट्रोल दोन महिने पडून राहते आणि तेही पावसाळी हवेत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी फार झाले की इथेनॉल-पाण्याचा वेगळा थर तळाशी बसतो. ज्या इंजिनात कॉक टाकीच्या बुडाशी असतो, तिथे हा थर थेट त्याच्यावरच. जुने रबरी सील त्यात फुगते आणि सुकल्यावर आकसून कडक होते.

बिघाड कसा ओळखायचा?

लहान इंजिनात टाकी वर असते, त्यामुळे खराब कॉकमधून पेट्रोल थेंबथेंब गळते. मोठ्या इंजिनाची टाकी होडीत खाली असते आणि पंप पेट्रोल खेचून घेतो. तिथे कॉक असेल आणि त्याचे सील गेले, तर बाहेर थेंबही न दिसता आत हवा ओढली जाऊ शकते. इंजिन सुरू होते, पण वेग वाढवताच गुदमरते. भर समुद्रात हे संकटच. पण गळती त्याहून वाईट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते आणि तिला एक ठिणगी पुरते.

नवा घेताना...

आटे जुळतात म्हणून मोटारसायकलचा कॉक बसवण्याचा जुगाड स्वस्त पडतो, पण खाऱ्या हवेत जस्ताच्या मिश्रधातूचा भाग टिकत नाही. इंजिनाच्या मॉडेल क्रमांकावरूनच कॉक मागावा, सील इथेनॉलला टिकणारे आहे का ते विचारावे. नळी कडक झाली असेल तर तीही बदलावी. बसवल्यावर लगेच दोरी ओढू नये. कॉक उघडून थोडा वेळ थांबावे आणि सांध्यांवर कोरडे फडके फिरवून पाहावे.

पुढच्या बंदीआधी कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. मात्र त्या वेळी इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडलेला हवा. कोरडे चालवले तर पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा थोड्याच वेळात निकामी होतो.