थंडीचा सराव आणि पुण्याचे रस्ते

पोहणे, सायकल चालविणे व धावणे या तिन्ही गोष्टी लागोपाठ करावयाच्या, अशी ट्रायथलॉन ही शर्यत २००० साली सिडनी येथे ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. युरोपात तिचा हिवाळी प्रकार बर्फावर होतो. आपल्याकडे बर्फ नाही. पण पुण्याची थंडी या सरावास जणू मुद्दामच योजलेली आहे. १९८३ साली सुरू झालेली येथील आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन बहुतेक वर्षी डिसेंबरातच भरत आली, ती काही उगीच नव्हे.

नवख्याने ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल व ५ किलोमीटर धावणे एवढ्याच अंतरापासून आरंभ करावा. पोहणे कच्चे असल्यास आधी तेच पक्के करावे. गार पाण्यात एकाएकी उडी घेऊन दम कोंडून घेण्यात पुरुषार्थ नाही. धावण्यास टेकड्या आहेत. अडते ते सायकलपाशी. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात पहाटे सिंहगडाच्या वाटेला लागलेला सायकलस्वार मालमोटारींच्या कृपेनेच घरी परततो! त्याला जिवावर उदार होण्याचा उपदेश आम्ही करणार नाही. मिरवणुकांसाठी रस्ते बंद करण्याचा दांडगा सराव असलेल्या महापालिकेने व वाहतूक पोलिसांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर रविवारी पहाटे ५ ते ८ एक तरी लांब रस्ता मोटारींना बंद ठेवावा, आणि तो केवळ फलकावर नव्हे, खरोखर बंद ठेवावा.