ओट्यातलं भोक आणि बंद दार

नव्या फ्लॅटमध्ये परित्राणपाठ असतो, बोलावणं येतं, आम्ही जातो. हॉलमध्ये तथागत आणि बाबासाहेब. मग यजमान हौसेने किचन दाखवतात. ओट्यात बसवलेली काचेची शेगडी! आनंदच आहे. आपल्या आयांनी चुलीच्या धुरात डोळे घालवले. पण त्या शेगडीसाठी दगडात चौकोन कापणारा पोरगा कोण होता, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही.

आम्ही ते काम उभं राहून पाहिलंय. कंपनीचा कागदी साचा दगडावर ठेवून आखतात. आधी चारही कोपऱ्यांत भोकं पाडतात, कारण थेट काटकोनात कापलं की कोपऱ्यातून तडा जातो. मग कटर चालतं आणि बघता बघता खोली पांढरी होते. आणि घरमालक काय करतो? धूळ सोफ्यावर बसू नये म्हणून किचनचं दार बाहेरून ओढून घेतो. आत मिस्त्री आणि बिगारी, तोंडाला रुमाल.

रुमालाने सिलिका अडत नाही. ग्रॅनाईटमध्ये ती बरीच असते, कृत्रिम क्वार्ट्झमध्ये 90 टक्क्यांपर्यंत आणि त्याहूनही जास्त. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्या कृत्रिम दगडावर बंदी घातली. आपल्याकडे तोच 'प्रीमियम' म्हणून विकला जातो. सिलिकोसिस बरा होत नाही. अनेकदा टीबी समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात.

"तोच मास्क लावत नाही, आम्ही काय करणार?" हे आम्ही आपल्याच शिकलेल्या लोकांकडून ऐकलंय. अहो, पाणी मारत कापलं तर धूळ बरीच बसते, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण चिखल तुम्हाला नको असतो! शिवाय पाणी आणि वीज एकत्र आली की शॉकची भीती त्यालाच. दुकानातच कापून आणावं, तर पुढच्या-मागच्या अरुंद पट्ट्या जिन्यात मोडतात आणि नुकसान त्याच्या मजुरीतून कापलं जातं. पट्टीला लाकडी आधार बांधून आणता येतो, किंवा खाली मोकळ्या जागेत पाणी सोडून कापता येतं. दोन माणसं जास्त लागतात, इतकंच. त्यांचे पैसे कोण देणार, खरा प्रश्न हा आहे.

1948 च्या कारखाने कायद्याने सिलिकोसिस नोंदवणं बंधनकारक केलं. पण तुमचं किचन कारखाना नाही, म्हणून तिथे निरीक्षक येत नाही. 1942 ते 1946 बाबासाहेब मजूरमंत्री होते, हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. त्याच आठवड्यात घरी दार ओढून घेतो.

नाक्यावरच्या तरुणांनी बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करावी म्हणून आम्ही फिरतोय. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. सुटा मिस्त्री आज या घरात, उद्या त्या घरात. दाखला द्यायची वेळ आली की ठेकेदार फोन उचलत नाहीत. कार्यकर्त्यांनो, येत्या रविवारी आपापल्या नाक्यावर सकाळी सातला उभे राहा. अर्ज भरायला हात कमी पडताहेत.

जय भीम!